खांद्यावरची चार बोटं

नोव्हेंबर लागला की माझ्या टेबलावर चेहरे जमू लागतात.

बारामतीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. बारावीच्या परीक्षेचे अर्ज आता संगणकावर भरले जातात, पण छापील प्रत आणि तिच्यावर डकवायचा फोटो अजून माझ्या हाताखालून जातो. सकाळी खिडकी उघडावी तर बाहेर थंडी असते, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कण्हत चाललेल्या असतात, कारखान्याच्या बाजूनं मळीचा गोडूस-आंबूस वास येत असतो. त्यात टेबलावरच्या गोंदाचा वास मिसळतो. प्रत्येकाचा एक ऋतू असतो म्हणतात. माझा ऋतू फॉर्म भरायचा.

फोटो तरी किती तऱ्हेचे यावेत! इथला एक सायबर कॅफेवाला एकच निळा कोट आणि लाल टाय सगळ्या पोरांच्या गळ्याखाली चिकटवतो. त्यामुळे निम्म्या वर्गाचा कोट एकच, आणि मानेचा रंग एक तर हनुवटीचा दुसरा. मुलींचे फोटो मोबाईलमधून इतके उजळून येतात की खिडकीत उभी असलेली पोरगी आणि कागदावरची पोरगी यांची ओळख मलाच करून द्यावी लागते. मी हसतो, परत पाठवतो, दुसरा आणायला सांगतो. पण परत पाठवताना घड्याळाकडे बघतो. हे माझ्याकडून आपोआप होतं.

यंदा शेवटच्या दिवशी एक मुलगी आली. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून आपला चेहरा कापून घेऊन आली होती. कडेला कुणाच्या तरी बांगड्या भरलेल्या हाताचं कोपर राहिलं होतं. मी तिला म्हटलं, "हा नाही चालणार बाळ. दुसरा काढून आण. मी सातपर्यंत आहे."

ती पळाली. आमचे शिपाई दत्तूतात्या किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभे होते.

"भाऊसाहेब, कचेरी पाचला बंद हुती. तुमी सातपतुर बसायचं आन् आमाला बी बसवायचं. त्या पोरीचा फोटू उद्या आला तर सरकार पडणार हाय व्हय?"

"तात्या, उद्याचं काही खरं नसतं."

"तुमच्या उद्याचं मला ठावं न्हाय. माझी येष्टी आज सव्वासाला हाय."

तात्यांना मी सोडून दिलं. किल्ल्या ठेवून घेतल्या. साडेसहाला मुलगी धापा टाकत आली, फोटो ओलसर होता, तो वाळेपर्यंत मी तिला पाणी दिलं. लोकांना वाटतं मी कनवाळू आहे. मी कनवाळू नाही. मी एक जुना फॉर्म अजून भरत बसलो आहे, एवढंच.

*

त्या वर्षी मी अकरावीला होतो. पळसदेवहून रोज एस.टी.नं इंदापूरला जायचो. माझी बहीण सुजाता, मी तिला अक्का म्हणतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अक्कानं नववीनंतर शाळा सोडली होती. आई बरी झाली, पण अक्काचं शाळेत परत जाणं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मी दहावी पास झालो तेव्हा तिनं माझी पुस्तकं मागून घेतली. सिमेंटच्या पोत्याच्या आतला खाकी कागद काढून त्यांना नवी कव्हरं घातली, आणि माझं नाव होतं तिथं स्वतःचं लिहिलं. शाळेत न जाता दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरतात. तो इंदापूरच्या एका शाळेत द्यायचा होता.

आमचे आबा कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला पाणी कधी सोडायचं ते बघायचे. कमी बोलायचे. त्यांनी अक्काला सांगून टाकलं होतं, "यंदा फॉर्म भरला तर एक वरीस थांबतो. न्हाय तर कळसचं स्थळ चांगलं हाय, शब्द देऊन टाकतो." त्यात राग नव्हता. पाण्याची पाळी सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

फॉर्मला फोटो हवा होता. मलाही एस.टी.च्या पाससाठी फोटो हवा होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी अक्का माझ्याबरोबर इंदापूरला आली.

तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली मुलाणीचाचा बसायचे. तीन पायांवर उभी लाकडी पेटी, पाठीमागे काळ्या कापडाची बाही, समोर एक बाक, बाकामागे खिळ्याला टांगलेली पांढरी चादर. शेजारी पाण्याची बादली. सात-बाराला, रेशनकार्डाला, पेन्शनीला, कशालाही फोटो लागला की माणूस कचेरीतून उठून या बाकावर येऊन बसायचा. चाचा पेटीच्या तोंडावरचं झाकण काढायचे, तोंडातल्या तोंडात आकडे मोजायचे, झाकण लावायचे. मग बाहीत हात घालून आतल्या आत काहीतरी चाचपायचे. सगळी अंधारखोली त्या पेटीतच होती. पहिल्यांदा बाहेर यायचा तो उलटा फोटो, काळा चेहरा आणि पांढरे केस. तो एका फळीवर लावून त्याचाच पुन्हा फोटो घ्यायचा की मग माणूस सुलटा व्हायचा. बादलीत तो हेलकावत असायचा तेव्हा बघायला चार रिकामी माणसं वाकलेली असायचीच. आपला चेहरा पाण्यातून वर येताना बघणं यात काहीतरी होतं. त्या बादलीजवळ मी कुणाला घाई करताना पाहिलं नाही.

घरची दोन माणसं एकदम आली की चाचांची एक रीत होती. दोघांना एकाच बाकावर बसवायचं, एकाच कागदावर उतरवायचं आणि मग कात्रीनं मधोमध कापून ज्याचा त्याला द्यायचा. नवरा-बायको, बाप-लेक, जावा-जावा, सगळ्यांना ते असंच उतरवायचे.

"भाऊ-भन हाय न्हवं? मग जोडीनं बसा. मधी चार बोटं जागा सोडा. तितनं माझी कात्री जाती."

आम्ही बसलो. अक्कानं आईचं जांभळं लुगडं नेसलं होतं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. आयुष्यात ती पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसत होती. ताठ झाली होती. ओठ पांढरे पडले होते.

"पोरी, फोटू काढतोय, सुई टोचत न्हाय," चाचा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. झाकण निघालं, चाचा मोजायला लागले, आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी माझा हात तिच्या खांद्यावर ठेवला. धीर द्यावा म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं. ही एक गोष्ट मी खात्रीनं सांगू शकतो, कारण त्यानंतरच्या माझ्या कुठल्याच वागण्याबद्दल मला अशी खात्री नाही.

चाचांनी कापलं. माझ्या तुकड्यात मी होतो, कोपरापर्यंत. तिच्या तुकड्यात ती होती आणि तिच्या खांद्यावर माझी चार बोटं.

"ऱ्हाऊ दे," चाचा म्हणाले, "बोटांनं काय व्हतंय? तोंड झ्याक आलंय पोरीचं."

खरंच झ्याक आलं होतं. झाकण बंद व्हायच्या आधी तिचं तोंड सैल पडलं होतं. माझ्या हातानंच पडलं असावं.

अक्का दुपारच्या गाडीनं घरी गेली. फॉर्म आणि फोटो माझ्याकडे होते. मी शाळेत गेलो. तिथल्या लेखनिकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हा हात कुणाचा?"

"माझाच."

"बोर्डाला असा फोटो पाठवू? पुरुषाचा हात खांद्यावर? फॉर्म परत येईल. दुसरा आण." मग माझं तोंड बघून ते जरा मवाळ झाले. "आज मुदत संपते. पण गठ्ठा उद्या दुपारी पुण्याला जायचाय. उद्या अकरापर्यंत आणलास तर बसवतो मधे. अकराच्या पुढं नाही."

उद्या अकरापर्यंत. सकाळच्या पहिल्या गाडीनं अक्काला घेऊन यायचं, चाचा नऊला पेटी मांडतात, दहापर्यंत फोटो हातात. इतकं सोपं होतं ते.

संध्याकाळी मी घरी पोचलो. अक्का दारातच होती. "घेतला का रं?"

मी म्हणालो, "नाही. फोटो चालला नाही. मुदत संपली."

पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं आजच्यापुरतं खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं असं जवळजवळ खरं होतं.

आत जाऊन तिनं मला जेवायला वाढलं. आबा म्हणाले, "नशिबात न्हाय पोरी." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीला निघालो, तेव्हा तिनं चुलीपुढं बसून भाकरी केली आणि फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. अकरा वाजता मी भूगोलाच्या तासाला बसलो होतो. शिक्षकांनी फळ्यावर काढलेला नकाशा मला अजून आठवतो. अकरा वाजून गेले तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण हलकं वाटलं होतं.

उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं. कळसला गेली.

*

तिचं वाईट झालं असं मी म्हणू शकत नाही. भाऊजी शांत माणूस. डाळिंबाची थोडी बाग, दोन म्हशी, एकुलती एक प्रज्ञा. म्हणूनच मला इतकी वर्षं लपता आलं. दुःखाचा डोंगर असता तर मी लवकर बोललो असतो कदाचित. तिथं डोंगर नव्हता. एक उंबरा होता, आणि तो तिला कधीच ओलांडता आला नाही.

गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस म्हणून लागली. मदतनीस म्हणजे झाडायचं, पोरांना घरोघरी जाऊन आणायचं, खिचडी शिजवायची. शिकवते ती सेविका, आणि सेविकेला तेव्हा दहावी पास असावं लागायचं. अक्काच्या डोळ्यांदेखत तीन सेविका आल्या आणि गेल्या. मधल्या रिकाम्या महिन्यांत गाणी, आकडे, रंग सगळं अक्काच शिकवायची. नवी सेविका आली की पुन्हा झाडू. पोरं सेविकेला बाई म्हणतात, हिला मावशी.

मी लिपिक झाल्यावर एकदा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन तिच्याकडे गेलो होतो. वाटलं, भरपाई होईल. ती हसली. "आता प्रज्ञाचा भर की. मला कुठं आता बीजगणित येतंय?" मी फॉर्म परत आणला. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण चहा आला, मग म्हैस सुटली, मग माझी गाडी आली. न बोलणाऱ्याला रोज नवं निमित्त मिळतं.

चार बोटं असलेला तो फोटो अजून माझ्याकडे आहे. घरी मी सांगितलं होतं की तो शाळेनं ठेवून घेतला. एका पाकिटात घालून मी तो सेवापुस्तकाच्या प्रतीमागे ठेवला आहे. चाचांचं रसायन हलकं होतं की धुणं कमी पडलं, कोण जाणे, पण फोटो कडेकडेनं पिवळा पडत आत सरकतो आहे. चेहऱ्यापर्यंत अजून आलेला नाही.

*

चाचांची पेटी कधी गेली ते मला नेमकं आठवत नाही. एका वर्षी लिंबाखाली बाक होता, पेटी नव्हती. मग बारामतीत स्टुडिओ आले. छत्र्यांसारखे दिवे, मागच्या पडद्यावर रंगवलेला धबधबा, बाजूला कंगवा आणि पावडरचा डबा. तिथला फोटोग्राफर हनुवटी धरून मान वळवायचा आणि हसा म्हणायचा. मग जत्रेत हातात मावणारा कॅमेरा घेऊन फिरणारे आले. फोटो लगेच कॅमेऱ्याच्या तोंडातून बाहेर यायचा आणि पोरं तो हवेत हलवत पळायची. मग संगणक, पाच मिनिटांत आठ प्रती. मग मोबाईल, आणि मोबाईलनंतर फोटोला काही किंमतच राहिली नाही, असं मी समजून चाललो होतो.

म्हणून गेल्या महिन्यात प्रज्ञाच्या लग्नात पुन्हा एक पेटी पाहिली तेव्हा थबकलो. बारामतीचा मोठा हॉल. बुद्धवंदना झाली होती, पांढऱ्या साडीतली प्रज्ञा आणि तिचा नवरा व्यासपीठावर आहेर घेत उभे होते. जेवणाच्या दाराजवळ कपाटाएवढी एक काळी पेटी, तिला पडदा, आत दोघांपुरतं बाकडं. पोरं खोट्या मिशा लावून आत घुसत होती, आत चार वेळा उजेड पडायचा, आणि बाहेर एक लांबट पट्टी सरकून यायची, एकाखाली एक चार फोटो. पट्टीसाठी ओढाओढी चालली होती. खिशात सगळ्यांच्या मोबाईल होते.

पेटीजवळ बसलेल्या मुलीला मी विचारलं, हे काय नवीन?

"नवीन नाही काका, जुनंच आहे. तिकडं परदेशात स्टेशनवर, जत्रेत असायची. नाणं टाकायचं, बसायचं. आता लग्नात परत आलीय."

मी नंतर याबद्दल थोडं वाचलं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत परमुलखातून आलेल्या एका माणसानं असं यंत्र उभं केलं, आणि रस्त्यावर रांगा लागल्या. त्यात निगेटिव्ह नसायची. जो चेहरा कागदावर उमटला तोच, त्याची दुसरी प्रत नाही. सैनिक, मजूर, घरी न सांगता भेटणारी पोरं-पोरी, सगळे पडदा ओढून आत बसले. मला त्याचं नवल वाटलं नाही. स्टुडिओत माणूस फोटोग्राफरकडे बघतो, त्याला आवडेल असं तोंड करतो. चाचांच्या बाकावर तर अख्खी कचेरी आपल्याकडे बघत असायची. पडद्याआड कुणी नसतं. हसा म्हणणारं नसतं, मान धरणारं नसतं. म्हणून त्या चार चौकटींत कुठेतरी एकीत माणूस खरा सापडतो. बहुधा तिसरीत. पहिल्या दोनमध्ये त्याचं नाटक संपलेलं असतं आणि पुढचं सुचलेलं नसतं.

हे मी आता लिहितो आहे. त्या दिवशी एवढा विचार करायला मला वेळ मिळाला नाही. पाठीमागून अक्का आली.

"मिलिंद, चल. आपुन बी काढू."

"अगं, हे पोरांचं आहे."

"पोरांचं कसलं? पैसं माझ्या जावयानं दिल्यात. चल म्हनते ना." तिनं माझं मनगट धरलं. बाहेर पोरं ओरडली, "मामा, मिशी लावा, मिशी!" अक्का म्हणाली, "त्याची खरी हाय, गप बसा," आणि पडदा ओढला.

आत गर्दीचा आवाज एकदम लांब गेला. बाकडं इतकं अरुंद की खांद्याला खांदा लागला. समोर काचेत आम्ही दोघं दिसत होतो, माझं टक्कल, तिचा चष्मा. ती काचेकडे बघत म्हणाली, "आपला दोघांचा एकत्र असा फोटू हाय का रं एक तरी?"

"होता एक."

"कंचा? त्यो व्हय? त्यो तर कापला."

काचेत आकडे सुरू झाले. तीन, दोन, एक. पहिला उजेड पडला. आणि मी बोललो. ठरवून नाही. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता आणि बाहेरून कुणी बघत नव्हतं.

"अक्का, तुझ्या फॉर्मला दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मुदत होती. मला सांगितलं होतं त्यांनी. मी तुला सांगितलं नाही."

मधे कुठेतरी दुसरा उजेड पडला. मग तिसरा. चौथा पडला तेव्हा आम्ही दोघंही काचेकडे बघत नव्हतो.

"अकरापतुर?" ती म्हणाली.

"हो."

"तू पयल्या गाडीनं गेलास. मी भाकरी बांधून दिली तुला."

"हो."

पडदा हलला, कुणीतरी डोकं घातलं, "झालं का मामा?" अक्कानं पडदा पुन्हा ओढून घेतला. "थांबा रं जरा." आवाज अगदी साधा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "का?"

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं मी तिच्यासमोर हे शंभर वेळा मनात बोललो होतो. त्या शंभर वेळांत ती रडायची, चिडायची, माफ करायची. का, असं तिनं कधीच विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग म्हाईत करून घे," ती उठत म्हणाली. "आन् तवर माझ्याकडं येऊ नगं."

ती पडदा बाजूला सारून गेली. लेकीच्या पाठवणीला तिला उभं राहायचं होतं. पट्टी बाहेर आली, ती मीच घेतली. पहिल्या चौकटीत दोघं हसतोय. दुसरीत माझं तोंड उघडं, बोलताना. तिसरीत अक्का माझ्याकडे बघते आहे. त्या नजरेत अजून राग आलेला नाही, फक्त काहीतरी कळत चाललं आहे. चौथी मी पाहत नाही.

*

दोन आठवडे मी कारणं धुंडाळली. आळस केला, असं म्हणून पाहिलं. सोळा वर्षांचा होतो, घाबरलो, तिला पुन्हा नेणं-आणणं नको वाटलं, मित्र हसतील वाटलं. टेबलावर फोटो येत होते, मी गोंद लावत होतो आणि एकेक कारण लावून बघत होतो. एकही चिकटेना. तात्या म्हणाले, "भाऊसाहेब, आज तीन फोटू उलटं डकवलं तुमी."

मग एका संध्याकाळी बसमध्ये उभा असताना ते आठवलं. आठवलं असंही नाही. ते होतंच, मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो.

शनिवारी दुपारी कळसला गेलो. पोरं घरी गेली होती. सेविका इंदापूरला बैठकीला गेली होती. अंगणवाडीच्या फरशीवर अक्का ताट मांडीवर घेऊन मटकी निवडत होती. मला बघून उठली नाही.

"कारण घेऊन आलोय," मी म्हणालो.

"बस."

मी खाली बसलो. गुडघे दुखतात, मांडी घालता येईना, पाय एका बाजूला काढून कसातरी बसलो आणि सांगितलं. त्या दिवाळीत मला अकरावीचं एक गणित अडलं होतं. तिनं चुलीपुढं बसून, राखेत बोटानं आकडे लिहीत, ते सोडवून दिलं. शाळा सोडलेल्या पोरीनं. आबा बघत होते. हसून म्हणाले, "आरं मिलिंद, येष्टीत कशाला धक्के खातो? हिच्याकडंच शीक की." आई हसली, अक्का हसली, मीही हसलो.

"तू पास झाली असतीस अक्का. माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी. घरात तेवढी एकच गोष्ट माझी होती, आणि ती पण तुझी झाली असती. मला ते नको होतं. फोटो परत आला तेव्हा मी काही ठरवलं नाही. फक्त दार लागत होतं, ते लागू दिलं."

तिचं बोट मटकीत थांबलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"आबा तर चेष्टा करत व्हते रं."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, खिडकीची काच थरथरली. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आबा म्हणलं, नशिबात न्हाय. मी बी तेच धरून बसले," ती म्हणाली. "सेविकेची जागा हुकली, नशिबाला शिव्या दिल्या. प्रज्ञाचा अभ्यास घेता येईना, नशिबाला दिल्या. लय सोपं असतं बघ. नशीब कधी समोर येऊन बसत न्हाय." तिनं माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. "आता तुला द्याव्या म्हनलं तर तू ह्यो असा. धड मांडी बी घालता येईना. काय शिव्या देऊ तुला?"

"दे," मी म्हणालो.

"आज न्हाय. आज मटकी हाय."

तिनं पायानं एक खुर्ची माझ्याकडे सरकवली, लहान पोरांची, लाल प्लास्टिकची. "फरशी गार हाय." मी त्या खुर्चीवर बसलो, गुडघे छातीला लागले. तिनं दुसरं ताट घेतलं, अर्धी मटकी त्यात ओतून माझ्या हातात दिली.

"खडं काढ. चष्मा लाव आधी."

मी चष्मा लावला. एकेक दाणा बोटानं अलीकडे घेत मी अगदी मन लावून निवडलं, आयुष्यात कुठलं काम केलं नसेल इतक्या मनानं. दोन खडे सापडले. ताट स्वच्छ झालं तेव्हा मी ते तिच्यापुढं धरलं.

अक्कानं ते घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि पहिल्या दाण्यापासून पुन्हा निवडायला लागली.